जंतूंची खानावळ

“आत्या, तुझ्या हातचं खाऊन आम्ही मरणार तर नाही ना?”

विचारून टाकलं एकदाचं! हा प्रश्न मी आत्याच्या तोंडावर विचारूच शकणार नाही, अशी माझी मैत्रीण मिरची हिनं पैज लावली होती. दुसरी मैत्रीण, चष्मिश, माझ्या बाजूनं होती, पण आत्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यापासून तीसुद्धा खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती आणि समोरचं ऑम्लेट केव्हाही उठून चावेल अशा नजरेनं त्याच्याकडे बघत होती.

आत्यानं गॅस बारीक केला आणि मान वळवली.

“कोण, भोंगा विचारतोय होय? अगं, मरायचं तर तुम्हाला माझ्या लॅबमध्ये जेवायला यावं लागेल. आणि तिथं तुमच्यासारख्यांना थारा नाही. तिथलं सगळं पौष्टिक असतं, ग्रॅमवर तोललेलं. घरी मी आळशी आहे. खा गुमान.”

भोंगा म्हणजे मी. हळू बोल, हळू हस, हळू रड, हेच ऐकत मी मोठी झाले. गेल्या वर्षापर्यंत मला या आवाजाची लाज वाटायची. यंदा शाळेच्या कार्यक्रमात माझ्या भाषणाच्या सुरुवातीलाच माईक बंद पडला आणि मी माईकशिवाय शेवटच्या रांगेतल्या शिपाईकाकांपर्यंत अख्खं भाषण पोचवलं. तेव्हापासून लाज संपली. आता कुणी भोंगा म्हटलं, की मी ‘हजर!’ म्हणते.

आणि आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकटी राहते, शेजारच्याच भागात, तिसऱ्या मजल्यावर. मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये ती जंतूंचं खाणं बनवते. रोग्याच्या रक्तात किंवा लघवीत कुठले जंतू आहेत ते बघायचं, तर आधी ते वाढवावे लागतात, आणि वाढवायचे तर त्यांना खाऊ घालावं लागतं. मोठाल्या बाटल्यांत साखर, मीठ, मांसाचा अर्क आणि जेलीसारखं घट्ट होणारं आगर पाण्यात कालवायचं, वाफेच्या बंद यंत्रात उकळून निर्जंतुक करायचं आणि गोठायच्या आत काचेच्या डब्यांसारख्या चपट्या प्लेटांमध्ये ओतायचं. आयुष्यभर ती हेच करत आली आहे. बाबा पाहुण्यांना सांगतात, “आमच्या ताईची खानावळ आहे. गिऱ्हाइकं डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकदा जेवायला बसली की एकाची लाख होतात. आणि बिल कुणी देत नाही.”

मिरचीनं पैज हरल्याचं तोंड करून ऑम्लेटचा तुकडा मोडला. ती जिवंत राहिली हे बघून चष्मिशला धीर आला.

“जंतूंना गोड आवडतं का हो, आत्या?”

“आवडतं म्हणजे? जीव टाकतात! पण बघ हं, त्यांना ना जीभ, ना डोळे, ना नाक. मग समोर आलेली वस्तू साखर आहे हे त्यांना कळत असेल कसं?”

आत्यानं दोन्ही मनगटं जुळवली आणि तळवे शिंपल्यासारखे उघडे धरले.

“हे एक प्रोटीन समजा. दोन पाकळ्या, मध्ये बिजागरी. रिकामं असलं की असं उघडं. यात साखरेचा कण येऊन बसला, की—” तिचे तळवे मिटले. “दुसरं काही आलं तर मिटत नाही. कारण आतली खाच त्या एकाच साखरेच्या मापाची. मिटलं, की ते दारापाशी जातं आणि साखर आत देतं. हे झालं खायचं प्रोटीन. आणखी एक असतं, ते पकडायचं.”

“कुणाला पकडायचं?” मी.

“तुला. आपल्या पेशींच्या अंगावर साखरेचे झुपके असतात, झालर लावल्यासारखे. जंतूच्या अंगावर लांब लांब केस असतात आणि केसाच्या टोकाला एक आकडा. त्या आकड्यात आपल्या झालरीतली साखर अडकली की गडी लटकला. लघवीच्या पिशवीत तर असे लटकतात म्हणून सांगू!”

“ईऽऽ!” मिरचीनं घास खाली ठेवला.

“ई काय? तुझ्याही पिशवीला साखर आहे, बयो. ये गं भोंग्या, बोट दे.”

तिनं तर्जनीचा आकडा केला. मी माझ्या बोटाचा आकडा त्यात अडकवला.

“आता सगळं शांत आहे. आकडा सैल आहे. सुटेल, पुन्हा धरेल. ओढ आता!”

मी ओढलं. तिचं बोट माझ्या बोटाभोवती असं आवळलं की मी किंचाळलेच.

“बघ! लघवीची धार आली, ओढ बसली, की आकड्याचा आकारच बदलतो. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट. धुऊन काढायला जावं तर लबाड आणखी चिकटतो.”

“मग पाणी प्या, पाणी प्या म्हणतात ते कशाला?” चष्मिश आता खुर्चीत नीट बसली होती.

“अगं, अडकायच्या आत वाहून जातात ना! म्हणून तर भरपूर प्यायचं आणि लागली की जायचं. तुंबवून ठेवायचं नाही.”

मला पुढचं ऐकू आलंच नाही. तिचं बोट अजून माझ्या बोटात होतं आणि ते तव्यासारखं तापलं होतं.

“आत्या, तुला ताप आहे!”

“छे गं. दिवसभर वाफेच्या यंत्राशेजारी उभी असते, अंगात ऊब राहते.”

“आज रविवार आहे, आत्या.”

ती हसली. मग पाण्याचा ग्लास उचलायला गेली, आणि तो ग्लास टेबलावर ताडताड वाजायला लागला. आधी मला वाटलं ती नाटक करते आहे. मग तिचे दात वाजायला लागले. खांदे, मान, सगळी आत्या हलायला लागली. हुडहुडी म्हणतात ती मी तोपर्यंत फक्त धड्यात वाचली होती. “काही नाही, पांघरूण दे,” असं ती म्हणत होती, पण शब्दांचे तुकडे तुकडे पडत होते. मिरची रडायला लागली.

पण मी भोंगा आहे. मी गॅलरीत धावले आणि जी हाक मारली, ती खालच्या टॅक्सीवाल्या काकांनी इंजिन चालू असताना ऐकली.

*

टॅक्सीत मी आणि चष्मिशनं तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. मिरची पुढे बसून माझ्या बाबांना फोन लावत होती. आत्याच्या इस्पितळाच्या दारात चाकांची खुर्ची आली आणि तिला ढकलत नेताना आम्ही तिच्याच लॅबच्या दारावरून गेलो. आतून टोपीकाका बाहेर आले. आत्या ओतते त्या प्लेटांवर नमुने लावायचं काम त्यांचं. आत्याच्या वाढदिवसाला ते घरी येतात, आणि तेव्हाही त्यांच्या डोक्यावर लॅबची निळी टोपी असतेच, म्हणून टोपीकाका.

“ताई?” एवढंच म्हणाले ते. चेहरा असा झाला, की मी नजर दुसरीकडे वळवली.

थोड्या वेळानं आई-बाबा पळत आले. माझ्या मैत्रिणींना मिरचीचे पप्पा घेऊन गेले. जाताना मिरचीनं माझ्या कानात सांगितलं, “मी पैज लावायला नको होती गं.” जणू काही प्रश्नामुळेच झालं सगळं!

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, माझ्या मामेबहिणीएवढी असेल. तिनं बाबांना बाजूला घेतलं. मी बाबांच्या पाठीमागे उभी राहिले. मोठ्यांना वाटतं, पाठीमागे कान नसतात.

“लघवीतलं इन्फेक्शन आहे. ते वर किडनीत गेलंय, आणि बहुतेक रक्तातही उतरलंय. औषध सुरू केलंय. पण जंतू नक्की कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, ते कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात तो निकाल, आल्याशिवाय कळणार नाही.”

“लघवीच्या इन्फेक्शननं एवढं होतं का हो, डॉक्टर?” बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही. “म्हणजे… माणूस जातं का?”

डॉक्टर ‘नाही’ म्हणाली नाही. ती म्हणाली, “वाट बघू या.”

वाट बघणं इतकं भीतिदायक असतं हे मला माहीत नव्हतं. परीक्षेचा निकाल, बस, मैत्रिणीचा मेसेज, अशा गोष्टींची मी वाट बघितली होती. इथं जंतू वाढायची वाट बघायची होती. जे आत्याला मारायला निघाले होते, त्यांनाच लॅबमध्ये पोटभर खाऊ घालायचं, ते धष्टपुष्ट झाले की मग त्यांच्यावर औषधं टाकून बघायची. आणि तोवर तेच जंतू इथं आत्याच्या अंगातही वाढणार!

त्या दिवशी आम्ही घरी गेलो ते नुसते देहानं गेलो. सकाळी शाळेला न पाठवता आई मला परत इस्पितळात घेऊन आली, कारण मी दारात बूट घालून, हाताची घडी घालून उभीच होते.

आत्याला सलाईन लावलं होतं. चेहरा राखेसारखा. मी तिच्या बोटात बोट अडकवलं आणि हळूच ओढलं. बोट सरळ झालं. सुटून चादरीवर पडलं.

मी पुन्हा अडकवलं. पुन्हा सुटलं.

“आत्या?”

तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं नाही. “प्लेटा झाकल्या का?” ती म्हणाली. “झाकणं लावा आधी. उघड्या ठेवू नका. हवेतले जंतू बसतात.”

“आत्या, मी आहे. भोंगा.”

“थांबा जरा, ओतून होऊ दे,” ती कुणाला तरी म्हणाली, “थांबवता येत नाही आता, गोठेल.”

आईनं मला बाहेर आणून बाकावर बसवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. तेवढ्यात टोपीकाका आले. आई त्यांच्यावर एकदम उसळली. आईला भीती वाटली की ती चिडते.

“तुम्ही रोज बरोबर असता ना त्यांच्या? एवढं अंगावर काढेपर्यंत कुणाला काही दिसलं नाही?”

“दिसत होतं, वहिनी,” टोपीकाका बाकाच्या टोकाला बसले. “आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ताई दिवसभर पाणीच पीत नाही. खोलीत पाणी न्यायची परवानगी नाही, ते ठीक आहे. पण बाहेर येऊन पिता येतं. ती येत नाही. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर गाऊन काढा, हातमोजे काढा, हात धुवा. आलं की परत सगळं चढवा. तोवर बाटलीतलं आगर गोठतं. मग आख्खी बाटली फुकट. सकाळी घरून चहा पिऊन यायचं आणि एकदम संध्याकाळी घरी जाऊन पाणी प्यायचं, अशी सवयच लावून घेतली तिनं. आम्ही चेष्टा करायचो, ताई, तुम्ही उंट आहात. ती म्हणायची, उंटाला निदान सुट्टी असते.”

मला कालचं स्वयंपाकघर आठवलं. *लागली की जायचं. तुंबवून ठेवायचं नाही.* आम्हाला सांगत होती! आम्हाला आकडे दाखवत होती आणि त्याच वेळी तिच्या आत ते आकडे—

मला रडू आलं, आणि माझं रडणं म्हणजे अख्ख्या मजल्याला कळतं. सिस्टर दारातून डोकावली. टोपीकाका म्हणाले, “चल, तुला काहीतरी दाखवतो. वहिनी, येऊ दे तिला काचेपर्यंत. आत नाही नेत.”

लॅबला कॉरिडॉरच्या बाजूनं मोठी काच आहे. मी बाहेर उभी राहिले. काका आत गेले, हातमोजे घातले, आणि काळ्या कागदावर एक काचपट्टी ठेवली. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: यीस्ट, म्हणजे पाव फुगवतात ते, त्याच्याही अंगावर तीच साखर असते, जी आपल्या लघवीच्या पिशवीला असते. मॅनोज तिचं नाव. जंतूंकडे आकडा असला, तर ते यीस्टला धरतील.

त्यांनी काचपट्टीवर दोन ठिकाणी यीस्टचे दुधाळ थेंब टाकले. एकात ते जंतू टाकले. आत्याचे. म्हणजे आत्याचे कसले, आत्यातले. काचपट्टी हातात धरून त्यांनी हळूहळू डोलवली.

आधी काहीच नाही. मग दूध फाटावं तसा तो थेंब फाटला. गुळगुळीत पांढऱ्याचे दाणे झाले, दाण्यांच्या गुठळ्या झाल्या. ते धरत होते! एक यीस्टला धरत होता, दुसरा त्याच यीस्टला, ते यीस्ट पुढच्याला, सगळ्यांचा एक चिकट घोळका. माझ्या अंगावर काटा आला. हे तिच्या आत चाललंय, या क्षणी, या भिंतीच्या पलीकडे.

मग दुसऱ्या थेंबात त्यांनी जंतूंबरोबर मॅनोजचं पाणीही टाकलं आणि पुन्हा डोलवलं. मी श्वास रोखला. थेंब तसाच राहिला. गुळगुळीत, पांढरा, शांत.

काका बाहेर आले तेव्हा मी त्यांचा हातच धरला. “म्हणजे आकड्यात आधीच साखर असली तर त्यांना धरताच येत नाही! मग आत्याला साखर द्या ना! आत्ता द्या!”

“काचेवर होतं ते माणसात तेवढं सोपं नसतं, बाळा. आणि ते आता पिशवीत थोडेच बसलेत? वर चढायला त्यांच्याकडे दुसऱ्या मापाचा आकडा असतो, दुसरी साखर धरणारा. यावर काम करणारे करतायत. पण आज तिला औषधच लागणार.”

“मग मला दाखवलंत कशाला?”

त्यांनी टोपी जरा मागे सारली. “तुझी आत्या मला म्हणाली होती एकदा, की ज्याची भीती वाटते ते नीट बघावं. निम्मी कमी होते.”

खोटं बोलत होते का कोण जाणे. निम्मी झाली नव्हती. पण मला एवढं कळलं होतं, की तो जंतू काही राक्षस नव्हता. त्याच्या आकड्यात एक खाच होती, आणि खाचेचं एक माप होतं.

*

निकाल आला तो वाईट आला. टोपीकाकांनी जंतूंच्या थरावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवलेल्या प्लेटचा फोटो डॉक्टरला दाखवला, तेव्हा मी बाबांच्या पाठीमागच्या जागेवर होतेच. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडतं. इथं एका चकतीला कडं नाही, दुसरीला नाही, तिसरीलाही नाही. आत्याला चालू होतं त्या औषधाच्या चकतीला तर जंतू अगदी खेटून उभे होते. शेवटच्या एका चकतीभोवती तेवढं कडं होतं, मोठं, स्वच्छ.

“हे द्यावं लागेल,” डॉक्टर म्हणाली. “पण हे औषध कानांना त्रास देतं काही वेळा. ऐकू येणं कमी होऊ शकतं, आणि गेलं तर परत येत नाही. किडनीवरही लक्ष ठेवावं लागेल. तुमची परवानगी…”

बाबांनी भिंतीला हात टेकला. “ताईच्या कानांचं मी कसं ठरवू?”

आत्या त्या वेळी जागी होती. सकाळपासून मधेच ढगाआड जायची, मधेच बाहेर यायची. आत्ता बाहेर होती. तिनं विचारलं, “माझं कल्चर कुठल्या प्लेटवर लावलं?”

टोपीकाका पुढे झाले. “तुम्हीच शुक्रवारी ओतलेल्या, ताई.”

“मग निकाल बरोबर आहे,” आत्या म्हणाली आणि डोळे मिटले. “द्या ते. कान काय, तसंही तुम्ही कुणी धड बोलत नाही.”

बाबा एकदम हसले आणि हसता हसता खाली बसले.

त्यानंतरची वाट बघणं मला सांगता येणार नाही. मी पहिल्यांदा गप्प होते. आई दोनदा माझ्या कपाळाला हात लावून गेली. दुपारी ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. दुसऱ्या दिवशी आत्यानं सूपचे चार घोट घेतले. मी खुर्ची जवळ ओढली, तिच्या बोटात बोट अडकवलं. ओढायचं धैर्यच होईना. पुन्हा सुटलं तर? मग डोळे घट्ट मिटून अगदी थोडं ओढलं.

बोट आवळलं.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सिस्टर ट्रे घेऊन धावत आली. “काय झालं?”

“धरलं!” मी म्हणाले. “तिनं धरलं!”

सिस्टरला काही कळलं नाही. आत्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. “भोंगा आहे तो,” ती म्हणाली, “लक्ष देऊ नका.”

*

आत्या घरी आली. आमच्या घरी नाही, तिच्या. आमच्याकडे चल म्हणून आईनं विनवलं, बाबा रागावले, पण ती बधली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. बाबांनी बेल वाजवली. आतून काही नाही. पुन्हा वाजवली. बेलची आतली बारीक किणकिण आम्हाला बाहेर ऐकू येत होती. बाबांनी दार ठोकलं. आई माझ्याकडे बघायला लागली, मी बाबांकडे. त्या हुडहुडीचा आवाज, टेबलावर ताडताडणारा ग्लास, सगळं माझ्या कानात पुन्हा सुरू झालं. बाबा घाईघाईनं खिशात दुसरी किल्ली चाचपू लागले, आणि ती सापडेना.

“आत्याऽऽऽ!”

जिन्यात वरखाली दोन दारं उघडली. मग तिसरं, आत्याचं.

“अगं हळू! इमारत पडेल. काय झालं? बेल वाजवायची ना!”

आत्यानं आमच्या तोंडांकडे बघितलं, एकेकाच्या, आणि तिला कळलं.

“वाजवलीत होय?” ती म्हणाली. “या आत.”

आत बसल्यावर तिनंच सांगितलं. बारीक आवाज गेले आहेत. बेल, फोन, खिडकीबाहेरचे पक्षी, सिस्टरांची कुजबुज. जाड आवाज येतात, पण गढूळ पाण्यातून आल्यासारखे. वाफेच्या यंत्राची पिपाणी आता तिला ऐकू येणार नाही, म्हणून टोपीकाका त्यावर लाल दिवा बसवून देणार आहेत. आणि पाण्यासाठी नियम ठरला आहे: एकेका बाटलीनंतर गाऊन उतरवायचा, बाहेर यायचं, प्यायचं, जायचं. मोठ्या बाटल्या बंद, छोट्या छोट्या करायच्या.

“म्हणजे तुम्ही परत कामावर जाणार?” आई म्हणाली.

“काय म्हणालीस?”

आईनं मोठ्यानं पुन्हा विचारलं.

“मग? माझ्या गिऱ्हाइकांना उपाशी ठेवू? खानावळ बंद पडली तर ह्या इस्पितळात कुणाला कुठलं औषध चालतं हे कळेल कसं?”

“ताई, पुरे झालं आता,” बाबा म्हणाले. “घरी चल. इथं एकटीला काही झालं तर? आम्ही बेल वाजवत बसायचं?” हे सगळं ते जमिनीकडे बघत बोलले. त्यांना काळजी वाटली की आवाज छातीतच राहतो. आत्या त्यांच्या ओठांकडे बघायचा प्रयत्न करत होती, आणि ओठ खाली वळलेले होते. तिनं ‘काय?’ असं पुन्हा विचारलं नाही. नुसती मान हलवली, हो म्हणाल्यासारखी, आणि उठून ओट्याकडे गेली.

तेव्हा मला कळलं. ती ‘काय?’ विचारून विचारून थकणार. मग विचारणं सोडून देणार. मग सगळ्यांना नुसती मान हलवणार.

ती आमच्याकडे पाठ करून ग्लासात पाणी ओतत होती. माझ्यापासून दोन हातांवर. मी हळू आवाजात, अगदी हळू, मला कधी जमला नव्हता अशा आवाजात आई-बाबांना म्हणाले,

“मी आत्याकडे राहायला येणार आहे. शाळा इथूनही जवळच आहे. रात्री बेल वाजली, फोन वाजला, काही जळलं, काही पडलं, तर तिला सांगायला मी असेन. माझा आवाज तिला येतो. विचारत नाहीये मी. सांगतेय.”

आईनं सवयीनं ‘हळू’ म्हणायला तोंड उघडलं. पण हळू करायला काही उरलंच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते, मग आत्याच्या पाठीकडे. पाठ हलली नाही. दोन हातांवर बोललेलं तिला खरोखरच ऐकू गेलं नव्हतं.

तिनं ग्लास तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, सगळं पाणी प्यायली.

मी छातीत श्वास भरून घेतला. आणि तेच सगळं, या वेळी आई-बाबांना आणि तिलाही, माझ्या आवाजात पुन्हा सांगितलं.